एका पत्त्याचे दोन धनी

लोकल नेटवर्कवरच्या प्रत्येक उपकरणाला एक आयपी पत्ता असतो, आणि त्या नेटवर्कपुरता तो दुसऱ्या कुणाकडेही नसावा हा पहिला नियम. एकच पत्ता दोन उपकरणांनी धरला की जे होते त्याला नेटवर्कची कामे करणारे 'आयपी कॉन्फ्लिक्ट' किंवा नुसते 'आयपी क्लॅश' म्हणतात. मरोळच्या गाळ्यांपासून मुलुंडच्या कोचिंग क्लासपर्यंत, जिथे जिथे दहा-वीस संगणक, दोन प्रिंटर, हजेरीचे थंब मशीन आणि चार कॅमेरे एका स्विचला जोडलेले असतात, तिथे हा घोळ कधी ना कधी होतोच. तो सापडणे अवघड जाते, कारण त्यात काहीच बिघडलेले नसते. प्रिंटर ठीक, वायर ठीक, स्विच ठीक, तरी प्रिंट निघत नाही. मग वायर बदलली जाते, नेटवाल्याला चार फोन होतात, प्रसंगी नवा प्रिंटरही येतो, आणि त्रास आहे तिथेच राहतो. चूक यंत्रात नसते, पत्ते वाटण्याच्या हिशेबात असते.

आयपीची आजही सर्वाधिक वापरात असलेली चौथी आवृत्ती सप्टेंबर १९८१ मध्ये जॉन पोस्टेल यांनी संपादित केलेल्या 'आरएफसी ७९१' या दस्तऐवजात आली. तिच्यातला पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे ० ते २५५ मधल्या चार आकड्यांचा. असे एकूण सुमारे ४२९ कोटी पत्ते होतात. जगातल्या सगळ्या उपकरणांना ते पुरणार नाहीत हे लवकरच दिसू लागले. त्यामुळे काही पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवले गेले, आणि फेब्रुवारी १९९६ च्या 'आरएफसी १९१८' ने त्यांचे तीन गट पक्के केले. त्यातला १९२.१६८ ने सुरू होणारा ६५,५३६ पत्त्यांचा गट घराघरांत आहे. बोरिवलीच्या एका घरातल्या लॅपटॉपला आणि घाटकोपरच्या एका दुकानातल्या संगणकाला १९२.१६८.१.५ हा एकच पत्ता असला तरी काही बिघडत नाही, कारण दोन्हीकडे मध्ये राउटर उभा असतो आणि आतला पत्ता तो बाहेर जाऊ देत नाही. उपनगरांत 'साई दर्शन' नावाच्या इमारती ठिकठिकाणी आहेत, प्रत्येकीत ३०२ नंबरचा फ्लॅटही असतो, तरी रस्ता आणि पिनकोड वेगळा असल्याने टपाल चुकत नाही. एकाच इमारतीत दोन दारांवर ३०२ ची पाटी लागली की मात्र पोस्टमनची पंचाईत होते.

बाहेरच्या, म्हणजे सार्वजनिक पत्त्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्था आहेत. आशिया-पॅसिफिकसाठी एपनिक आहे आणि भारतात २०१२ पासून इरिन. नावांचेही तसेच. 'डॉट इन' ने संपणारी नावे दोघांना जाऊ नयेत म्हणून ठेवलेली देशाची नोंदवही अनेक वर्षे मुंबईच्या उपनगरातच होती. जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या संस्थेकडे ते काम होते. हीच संस्था आणि पवईची आयआयटी, दोन्ही अर्नेट या शैक्षणिक नेटवर्कच्या पहिल्या सदस्यांमध्ये होत्या. २००५ च्या सुरुवातीला डॉट इनची नोंदणी निक्सी या संस्थेच्या नव्या रजिस्ट्रीकडे गेली. खासगी पत्त्यांना मात्र असा कुणी कारकून नाही. ज्याचे नेटवर्क त्यानेच नोंद ठेवायची, आणि ती बहुतेक ठिकाणी ठेवलेली नसते.

शोधाकडे वळण्याआधी दुसरा एक पत्ता समजून घ्यावा लागतो. नेटवर्कच्या प्रत्येक कार्डाला कारखान्यातच ४८ बिटांचा मॅक पत्ता दिलेला असतो. तो बारा अक्षरांत लिहितात. त्यात ० ते ९ हे अंक आणि ए ते एफ ही रोमन अक्षरे येतात. पहिली सहा अक्षरे आयईईई ही संस्था उत्पादकाला देते, उरलेली सहा उत्पादक स्वतः क्रमाने घालतो. आयपी माणसाने दिलेला, मॅक कारखान्याने दिलेला. दोन उपकरणे एकाच आयपीवर बसली तरी त्यांचे मॅक वेगळेच असतात. तोतया पकडायची सगळी मदार या एका गोष्टीवर आहे.

या दोन पत्त्यांची सांगड घालण्याचे काम एआरपी नावाचा नियमसंच करतो. नोव्हेंबर १९८२ मध्ये डेव्हिड प्लमर यांनी तो 'आरएफसी ८२६' मध्ये मांडला. एका संगणकाला १९२.१६८.१.५० कडे काही पाठवायचे असले की तो आधी सगळ्या नेटवर्कला हाक देतो, '१९२.१६८.१.५० कोण?' ज्याचा तो पत्ता आहे तो आपला मॅक सांगतो. विचारणारा हे उत्तर थोडा वेळ लक्षात ठेवतो आणि तेवढा वेळ सगळा मजकूर त्याच मॅककडे पाठवतो. या व्यवहारात ओळखपत्र कुणी मागत नाही. हाकेला दोघांनी ओ दिली तर बहुतेक वेळा नंतर आलेले उत्तर आधीचे पुसून त्याच्या जागी बसते. लक्षात ठेवलेली नोंद काही सेकंदांत किंवा मिनिटांत शिळी होते, पुन्हा हाक जाते, आणि या खेपेस दुसराच जिंकतो. म्हणून हा दोष एकसारखा दिसत नाही. आत्ता चालले, मग बंद पडले, पुन्हा चालू झाले. एका टेबलावरून प्रिंट निघते, शेजारच्या टेबलावरून निघत नाही.

मरोळच्या एखाद्या गाळ्यात हे कसे घडेल ते जवळून पाहण्यासारखे आहे. प्रिंटर बसवणाऱ्याने त्याला १९२.१६८.१.५० हा कायमचा, म्हणजे स्टॅटिक पत्ता देऊन ठेवलेला असतो. राउटर मात्र २ पासून २५४ पर्यंतचे सगळेच पत्ते येईल त्याला वाटत असतो, कारण पन्नासावा प्रिंटरकडे आहे हे त्याला कुणी सांगितलेलेच नाही. सकाळी साडेनऊला बाहेरगावचा सेल्समन येतो आणि त्याचा फोन वायफायला लागतो. प्रिंटर अजून चालू व्हायचा असतो. राउटर ५० नंबरला हाक देऊन पाहतो, कुणी ओ देत नाही, म्हणून तो पत्ता फोनला देऊन टाकतो. दहाला प्रिंटरचे बटण दाबले जाते आणि कुणालाही न विचारता तो आपल्या नेहमीच्या ५० नंबरवर येऊन बसतो. आता हिशेबाच्या संगणकाने पाठवलेले बिल कधी प्रिंटरकडे जाते, कधी सेल्समनच्या खिशातल्या फोनकडे. फोन ते नाकारतो आणि संगणक 'प्रिंटर ऑफलाइन' म्हणतो. दुपारी सेल्समन निघून जातो आणि प्रिंटर आपोआप 'सुधारतो'. ज्या दिवशी तो येत नाही, किंवा प्रिंटर चालू झाल्यावर येतो, त्या दिवशी सगळे सुरळीत असते. दोषाचे वेळापत्रक एखाद्या माणसाच्या येण्या-जाण्याशी जुळत असेल तर पत्त्यांचा क्लॅश असावा हा संशय सर्वांत आधी घ्यावा.

क्लॅश झाल्याचे काही उपकरणे स्वतःच सांगतात. जुलै २००८ मध्ये ॲपलच्या स्टुअर्ट चेशायर यांनी लिहिलेल्या 'आरएफसी ५२२७' ने अशी रीत घालून दिली, की पत्ता वापरण्याआधी उपकरणाने तो मोकळा आहे का हे तीनदा विचारून पाहावे आणि वापरू लागल्यावरही कान उघडे ठेवावेत. विंडोज आणि ॲपलचे संगणक ही चौकशी करतात आणि दुसरा कुणी सापडला तर पडद्यावर सूचना देतात. विंडोज तर इव्हेंट व्ह्युअरच्या सिस्टिम भागात ४१९९ क्रमांकाची नोंद करून ठेवते आणि तिच्यात त्या दुसऱ्या उपकरणाचा मॅक पत्ता दिलेला असतो. निम्मे काम तिथेच होते, तरी ही नोंद उघडून पाहणारे थोडेच असतात. प्रिंटर, स्वस्त कॅमेरे, थंब मशीन ही मंडळी मात्र बहुधा विचारतही नाहीत आणि सांगतही नाहीत. क्लॅश दोन मुक्या उपकरणांत असला की सूचना कुठेच उमटत नाही.

कारणे मोजकी आहेत आणि तीच ती पुन्हा भेटतात. राउटर वाटत असलेल्या पट्ट्यातलाच पत्ता कुणीतरी हाताने देऊन ठेवणे हे वर आलेच. सोसायट्यांच्या सीसीटीव्हीत दुसरे कारण दिसते. हिकव्हिजनचा नवा कॅमेरा खोक्यातून निघतो तो बहुधा १९२.१६८.१.६४ हा पत्ता घेऊनच, दाहुआचा १९२.१६८.१.१०८ घेऊन, आणि झेडकेटेकोचे हजेरी यंत्र १९२.१६८.१.२०१ घेऊन. गेट, पार्किंग, लिफ्ट आणि गच्ची असे एकाच कंपनीचे चार नवे कॅमेरे एकदम स्विचला लावले तर चौघेही एकाच पत्त्यावर उभे राहतात, आणि वॉचमनच्या केबिनमधल्या पडद्यावर कधी गेट दिसते तर कधी पार्किंग. कॅमेरे एकेक करून जोडायचे, एकाचा पत्ता बदलून झाल्यावरच दुसरा लावायचा, एवढे पाळले की हे टळते. जुने कॅमेरे एकाने बसवलेले आणि नवे दुसऱ्याने, अशा सोसायटीत ही काळजी दुप्पट घ्यावी, कारण पहिल्याची वही दुसऱ्याकडे नसते.

घरांत दोन राउटर भांडतात. फायबरवाल्याने दिलेल्या डब्याचा पत्ता १९२.१६८.१.१ असतो, आतल्या खोलीत रेंज येत नाही म्हणून लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या राउटरचाही तोच. दुसरा राउटर लॅन पोर्टमधून जोडला तर एकाच घराला दोन दरवाजे होतात आणि दोघांवर एकच पाटी. जिओच्या डब्याचा पत्ता १९२.१६८.२९.१ असल्याने तिथे ही टक्कर सहसा होत नाही, पण तिथेही दुसऱ्या राउटरचे पत्ते वाटण्याचे काम, म्हणजे डीएचसीपी, चालू राहिले तर नेटवर्कवर दोन वाटप करणारे होतात. ऑफिसात याचे रूप जास्त त्रासाचे असते. कुणी तरी घरचा जुना राउटर आणून भिंतीतल्या पॉइंटला लावतो, आणि दुसऱ्या दिवशी निम्म्या मजल्याला चुकीचे पत्ते मिळालेले असतात. अशा वेळी विंडोजवर 'आयपीकॉन्फिग ऑल' हा आदेश चालवून डीएचसीपी सर्व्हरचा पत्ता कोणता दिसतो ते चार टेबलांवर ताडून पाहावे. उत्तर एकच आले नाही तर उपरा राउटर शोधायचा.

चौथे कारण लाइट गेल्यानंतरचे. स्वस्त राउटर कुणाला कोणता पत्ता दिला याची यादी चालू वीज असेपर्यंतच लक्षात ठेवतो. तो बंद होऊन चालू झाला की पाटी कोरी होते. इन्व्हर्टरवर असलेल्या स्विचमागच्या संगणकांना काही घडल्याचे कळतच नाही. ते जुन्या पत्त्यांवर बसून राहतात, आणि राउटर तेच पत्ते नव्याने आलेल्यांना वाटू लागतो.

उपनगरांतल्या जुन्या नेट वापरणाऱ्यांना हा सगळा प्रकार वेगळ्या रूपात आठवेल. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने लोकांसाठी इंटरनेट सुरू केले ते टेलिफोनवरून. नोव्हेंबर १९९८ च्या धोरणाने खासगी कंपन्यांना वाट मोकळी झाली, आणि पुढच्या काही वर्षांत केबलवाल्यांनी एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर वायरी टाकून इमारतीच्या इमारती जोडल्या. जिन्यातल्या किंवा गच्चीवरच्या खोक्यात एक साधा स्विच, आणि एका गल्लीतली कितीतरी घरे एकाच लोकल नेटवर्कवर. केबलवाल्याचा मुलगा कागदावर आयपी, गेटवे आणि डीएनएस लिहून देई आणि ते आकडे संगणकात हाताने भरायचे. फॉरमॅट केल्यावर कागद सापडला नाही की आठवेल तो आकडा भरला जाई, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या कुणाचे तरी नेट बंद पडे. पैसे थकल्याने कनेक्शन तोडलेले काही जण मुद्दाम शेजाऱ्याचा आकडा घालत. त्यावर केबलवाल्यांनी आधी मॅक पत्ता बांधून टाकायला सुरुवात केली, मग नाव आणि पासवर्ड मागणारे लॉगिन आले. आजच्या फायबरच्या जोडणीत एक ग्राहक दुसऱ्याला दिसूच नये अशी सोय असते. त्यामुळे क्लॅश उरला तो आपल्याच घरातला किंवा आपल्याच ऑफिसातला.

आता प्रत्यक्ष शोध. पहिली परीक्षा अगदी साधी आहे आणि तिला कुठलेही सॉफ्टवेअर लागत नाही. ज्या उपकरणाचा पत्ता संशयात आहे त्याची नेटवर्कची वायर काढून टाकायची आणि दुसऱ्या संगणकावरून त्या पत्त्याला पिंग करायचे, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर येते का ते पाहायचे. प्रिंटरची वायर हातात आहे आणि तरी १९२.१६८.१.५० वरून उत्तर येते आहे, तर दुसरा कुणीतरी तिथे बसलेला आहे. इतका सरळ पुरावा दुसऱ्या कुठल्याही तपासात मिळत नाही. उत्तर आले नाही म्हणून मात्र निश्चिंत होऊ नये. दुसरे उपकरण त्या घटकेला बंद असेल, किंवा पिंगला उत्तर न देणारे असेल. विंडोजची फायरवॉल पिंग अडवू शकते, पण एआरपीच्या हाकेला तिलाही ओ द्यावीच लागते. म्हणून पिंगनंतर 'एआरपी -ए' हा आदेश चालवून त्या पत्त्यासमोर मॅक उमटला का ते पाहणे जास्त भरवशाचे. त्याआधी 'एआरपी -डी' ने जुनी नोंद पुसून घ्यावी, नाहीतर शिळेच उत्तर वाचले जाते. लिनक्सवर 'एआरपिंग' हे साधन दोघांचीही उत्तरे एकाखाली एक दाखवते, आणि 'एआरपी-स्कॅन' सगळ्या नेटवर्कची हजेरी घेऊन दुबार पत्त्यापुढे तशी खूण करते.

हाती आलेला मॅक प्रिंटरच्या मागच्या लेबलावरच्या मॅकशी जुळत नसला की तो तोतयाचा. पहिल्या सहा अक्षरांवरून उत्पादक कळतो, आणि ती यादी आयईईईने सर्वांसाठी खुली ठेवली आहे. कॅमेऱ्याच्या कंपनीचे नाव निघाले तर शोध दहा उपकरणांवर येतो, टीपी-लिंकचे निघाले तर उपरा राउटर असण्याची शक्यता वाढते. फोनच्या बाबतीत ही युक्ती आता चालत नाही. अँड्रॉइडच्या २०१९ च्या दहाव्या आवृत्तीपासून आणि आयफोनच्या २०२० च्या आयओएस १४ पासून फोन वायफायला आपला खरा मॅक न दाखवता बनवलेला दाखवतात. तो ओळखण्याची खूण अशी, की त्याचे दुसरे अक्षर २, ६, ए किंवा ई असते. असा मॅक दिसला तर शोधायचा आहे तो बहुधा कुणाचा तरी फोन, आणि राउटरच्या पानावरच्या वायफाय यादीत त्याचे नावही मिळून जाते. आणखी एक सोपी चाचणी विसरू नये. तो पत्ता ब्राउझरमध्ये टाकून पाहावा. प्रिंटरच्या पानाऐवजी कॅमेऱ्याचे लॉगिन उघडले तर पुढचा तपासच नको.

उपकरण कोणते हे कळले तरी ते कुठे आहे हे कळायला हवे. स्विच मॅनेज्ड जातीचा असेल तर कोणता मॅक कोणत्या पोर्टमागे आहे याची यादी त्याच्यातच मिळते. त्या पोर्टमागे दुसरा स्विच असेल तर तिथे जाऊन तेच विचारायचे, आणि असे करत शेवटच्या वायरीपर्यंत पोहोचायचे. साध्या स्विचला असे काही विचारता येत नाही. तिथे एका संगणकावर 'पिंग -टी' ने अखंड पिंग लावून ठेवायचे, आणि रॅकमधल्या वायरी एकेक करून काढत आणि परत लावत जायचे. ज्या वायरीने पिंग थांबते तिच्या टोकाला तोतया असतो. हे काम दोघांनी करावे, एकाने पडद्याकडे पाहावे आणि दुसऱ्याने वायरी हलवाव्यात. ऑफिस सुटल्यावर करावे हे खरे, पण तोतया दिवसाच येणारा असेल तर दिवसाच करावे लागते. दवाखान्यात किंवा लॅबमध्ये कोणती वायर कुठे जाते हे माहीत झाल्याशिवाय एकही काढू नये.

दोष चार दिवसांतून एकदा येणारा असेल तर पहारा बसवावा लागतो. एआरपीवॉच हा जुना कार्यक्रम नेटवर्कवरच्या आयपी-मॅक जोड्या लिहून ठेवतो आणि एखादा पत्ता दोन मॅकमध्ये मागे-पुढे होऊ लागला की तशी वेळेसकट खबर देतो. वायरशार्कही पकडलेल्या मजकुरात दुबार पत्ता दिसला की इशारा देते.

अदलाबदल राउटरच्या, म्हणजे गेटवेच्या पत्त्याची होत असेल तर मात्र ती केवळ चूक आहे असे धरून चालू नये. एआरपी कुणाचे ओळखपत्र मागत नाही याचा फायदा घेऊन 'गेटवे मीच' असे खोटे सांगणे आणि सगळ्यांचा मजकूर आपल्याकडून वळवणे ही जुनी चोरी आहे. मॅनेज्ड स्विचमधल्या डीएचसीपी स्नूपिंग आणि डायनॅमिक एआरपी इन्स्पेक्शन या सोयी तिच्याचसाठी आहेत, आणि पहिली सोय उपऱ्या राउटरलाही अडवते. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या नेटवर्कमध्ये असा हात घालणे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ आणि ६६ खाली येते.

तोतया सापडल्यावर दोघांपैकी एकाचा पत्ता बदलायचा. तो बदलतानाच वाटणीही नीट करून घ्यावी. २ ते ४९ हे पत्ते हाताने देण्यासाठी राखले, राउटरने ५० पासून २०० पर्यंतचेच वाटावेत असे ठरवले, तर दोघांची हद्द कधी एक होत नाही. त्याहून बरा उपाय म्हणजे प्रिंटर आणि कॅमेऱ्यांनाही पत्ता राउटरनेच द्यावा, पण त्यांच्या मॅकवर कायमचा राखून. त्या सोयीला ॲड्रेस रिझर्व्हेशन म्हणतात आणि ती घरगुती राउटरमध्येही असते. मग यादी आपोआप एका जागी राहते. ती यादी वहीत उतरवून रॅकच्या दाराला आतून चिकटवावी, आणि प्रत्येक प्रिंटरवर त्याच्या पत्त्याची चिठ्ठी लावावी. पुढचा तंत्रज्ञ बहुधा दुसराच कुणी असतो, आणि वायर ओढण्याआधी तो ती चिठ्ठीच शोधतो.

बदल केल्यावर लगेच सगळे सुरळीत दिसले नाही तर घाबरायचे कारण नाही. इतर संगणकांनी जुनी जोडी अजून लक्षात ठेवलेली असते. प्रत्येकावर ती पुसावी, किंवा राउटर आणि संगणक एकदा बंद करून चालू करावेत. संगणकांमध्ये प्रिंटर जुन्या आयपीने जोडलेला असेल आणि बदल प्रिंटरच्या पत्त्यात केला असेल, तर प्रत्येक टेबलावर जाऊन प्रिंटरच्या पोर्टमध्ये नवा आकडा भरावा लागतो. शेवटी नव्या पत्त्यावर आणि जुन्या पत्त्यावर, दोन्हीकडे प्रिंटरची वायर काढून आणि लावून एकेकदा पिंग करावे. नव्या पत्त्यावर वायर असतानाच उत्तर यायला हवे, आणि जुन्यावर आले तर ज्याच्याकडे तो राहिला त्याचेच.